आकडा आधी लिहून घ्या, घड्याळ नंतर लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेच्या दोन शाखांत मिळून चौदा संगणक, शिवाय सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन. सगळ्या संगणकांवर 'वेळ आपोआप लावा' चालू आहे आणि इंटरनेटही दिवसभर असतं. तरी एक संगणक रोज सकाळी काही वर्षांपूर्वीची तारीख घेऊन उठतो, एक मधूनच साडेपाच तास मागे जातो, नवा घेतलेला एक कितीही वेळा लावला तरी दुसऱ्या दिवशी साडेबारा तास मागे, आणि तीन-चार जण दोन-अडीच मिनिटं इकडेतिकडे. डीव्हीआर अडीच तास पुढे. पावतीवरची वेळ आणि चित्रीकरणातली वेळ जुळत नाही म्हणून लेखापरीक्षकांनी शेरा मारलाय. इंटरनेटवरून वेळ घेऊनही असं का होतं, आणि याचा एकदाचा बंदोबस्त कसा करायचा?

तुम्ही प्रश्नात आकडे दिलेत ही फार चांगली गोष्ट केलीत. बावीस वर्षं अशाच छोट्या कचेऱ्यांची नेटवर्कं सांभाळतोय, आणि फोनवर मला नेहमी एवढंच ऐकू येतं: "टायमिंग चुकतंय, जरा येऊन बघा." किती चुकतंय विचारलं की उत्तर येतं, "आता बरोबर केलंय हाताने." संपलं. हाताने लावलं की कारण शोधायचा धागाच तुटतो. म्हणून पहिली विनंती हीच की कुठलंही घड्याळ आज हाताने लावू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक यंत्रासमोर बसून लिहा: कोणतं यंत्र, किती फरक, पुढे की मागे. बहुतेक वेळा कारण त्या आकड्यातच असतं.

तुमचेच आकडे घेऊ.

बरोबर साडेपाच तास मागे जाणाऱ्या संगणकावर कोणीतरी विंडोजच्या जोडीला लिनक्सही टाकलेलं असणार. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं, आणि विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचतं. काल संध्याकाळी कोणी लिनक्स चालवून बंद केलं की आज विंडोज साडेपाच तास मागे उठणार. उलट क्रमाने केलंत तर लिनक्स साडेपाच तास पुढे दिसेल. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवायची, एवढाच उपाय. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद करून त्याला जागतिक वेळ वाचायला लावा. मला हाच मार्ग बरा वाटतो. आणि खरं सांगायचं तर रोखीच्या काउंटरवरच्या संगणकावर दोन-दोन प्रणाली असण्याचं कारणच नाही. कोणी टाकलंय ते शोधा.

साडेबारा तास मागे म्हणजे टाइमझोन. विंडोज नव्याने टाकताना घाईघाईत 'पुढे, पुढे' दाबत गेलं की टाइमझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून जातो. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. आता गंमत बघा. तुमचा माणूस कोपऱ्यातलं घड्याळ बघतो, हाताने भारतातली वेळ लावतो. संगणकाच्या मते मात्र ती कॅलिफोर्नियातली वेळ झाली, म्हणजे घड्याळ साडेबारा तास पुढे पळालं. पुढच्या वेळी इंटरनेटवरून खरी वेळ आली की तो इमानेइतबारे ते मागे आणतो. सगळे म्हणतात, इंटरनेटची वेळच चुकीची. चुकीची फक्त एक ओळ असते, टाइमझोनची. ती कोलकाता-मुंबईची करा, काट्यांना हात लावू नका.

डीव्हीआरचे अडीच तासही तसेच. चीनची वेळ जागतिक वेळेच्या आठ तास पुढे, आपली साडेपाच, फरक अडीच. यंत्र कारखान्यातून आलं त्या झोनवरच आहे, आणि ते मात्र इंटरनेटवरून वेळ घेतंय, म्हणजे तेवढं काम नीट चाललंय.

(बरोबर एकोणचाळीस मिनिटं मागे असलेलं यंत्र अजून मला भेटलेलं नाही. भेटलं तर ते जुन्या मुंबई वेळेवर चाललंय असं समजेन. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ सहजी सोडायला तयार नव्हती.)

आता रोज सकाळी जुनी तारीख दाखवणारा. संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, जे संगणक बंद असतानाही चालतं. दुसरं विंडोजचं, जे संगणक सुरू होताना पहिल्याकडून वेळ घेतं आणि पुढे स्वतः मोजतं. बंद असताना पहिल्याला जगवतो तो रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल, सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. हा सेल मेलाय.

पण यात एक बारकावा आहे, जो पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायत अशा ठिकाणी हमखास दिसतो. संगणक बंद केला पण भिंतीवरचं बटण चालू ठेवलं, तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. तुमच्याकडे संध्याकाळी निघताना शिपाई मेन स्विच पाडून जात असणार. आगीच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण मग रोजचे चौदा-पंधरा तास आणि सुट्टीचे पूर्ण दिवस ते घड्याळ त्या सेलवरच जगतं. म्हणून तुमच्याकडचे सेल घरच्या संगणकापेक्षा लवकर संपतात आणि दुखणं नेमकं सकाळी उघडतं. वायर काढा, कॅबिनेट उघडा, सेलच्या कडेची छोटी पट्टी नखाने सरकवा, सेल उडी मारून वर येतो. मल्टिमीटर असेल तर मोजा. नवा तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो, अडीचच्या खाली गेलेला टाकून द्या. नवा बसवताना छाप असलेली बाजू वर. काढण्याआधी बायोसची, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ कार्यक्रमाची, सेटिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर घड्याळ बरोबर लागेल पण संगणक हार्ड डिस्क शोधत बसेल.

तुम्ही विचाराल, सेल मेला तरी इंटरनेट आहे ना, मग वेळ आपोआप का लागत नाही? कारण विंडोज फार मोठा फरक पडला तर बिचकतं. डोमेनमध्ये (एका मुख्य सर्व्हरवरून सगळ्यांचं लॉगिन चालतं अशा नेटवर्कमध्ये) नसलेल्या संगणकावर त्याची मूळ मर्यादा ५४,००० सेकंदांची, म्हणजे पंधरा तासांची आहे. सर्व्हर सांगतोय ती वेळ याहून दूर असेल तर ती घ्यायचीच नाही, असा नियम. नियम शहाणपणाचाच आहे, कारण एखाद्या बिघडलेल्या सर्व्हरच्या सांगण्यावरून वर्ष बदलणं धोक्याचं. पण सेल मेलेला संगणक वर्षंच्या वर्षं मागे उठतो आणि अशा वेळी मदत घ्यायलाच नकार देतो. त्यात बँकेची संकेतस्थळंही उघडत नाहीत. त्यांच्या प्रमाणपत्रावरची 'अमुक तारखेपासून वैध' ही तारीख या संगणकाच्या दृष्टीने अजून उजाडलेलीच नसते. तेव्हा कर्मचारी 'नेट बंद आहे' म्हणून तक्रार करतात. सेल बदलल्यावर एकदा, फक्त एकदाच, हाताने तारीख-वेळ लावा. पुढचं तो स्वतः बघेल.

राहिले दोन-अडीच मिनिटांवाले. हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण इथे काही मोडलेलं दिसत नाही.

संगणकातलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. मदरबोर्डवरचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनचा पंधरावा घात, म्हणजे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद. हातातल्या स्वस्त घड्याळातही हाच असतो. त्याची चूक साधारण दहा लाखांत वीस धरतात. ऐकायला नगण्य, पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज पावणेदोन सेकंद, महिन्याला पन्नासेक. वर तापमान. हा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो, त्याहून थंडी पडो की ऊन तापो, दोन्हीकडे तो मंदच होतो, आणि तोही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेट पंचेचाळीस अंशांवर गेलं, तर मूळ चुकीत रोज आणखी सव्वा सेकंदाची भर पडते. उन्हाळ्यात घड्याळं जास्त मागे पडतात असं तुमच्यापैकी कोणी म्हणत असेल तर त्याला हसू नका.

आता हिशेब उलटा करा. अडीच मिनिटं म्हणजे दीडशे सेकंद. रोज पावणेदोन सेकंदांनी दीडशे व्हायला सुमारे पंच्याऐंशी दिवस लागतात. विंडोज १० किंवा ११ मूळ सेटिंगवर साधारण नऊ तासांनी वेळ विचारतं, जुनी विंडोज आठवड्यातून एकदा. नऊ तासांत चूक सेकंदाच्याही आत राहायला हवी. म्हणजे अडीच मिनिटं चुकलेल्या संगणकाने दोन-तीन महिने कोणालाच वेळ विचारलेली नाही. बटण चालू आहे, काम बंद आहे.

हे तपासायला कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडा आणि डब्ल्यू३२टीएम या आज्ञेला क्वेरी आणि स्टेटस हे दोन पर्याय द्या. चार-आठ ओळी येतील. त्यातल्या दोनच बघायच्या. 'सोर्स' या ओळीपुढे एखाद्या सर्व्हरचं नाव असेल तर ठीक. 'लोकल सीमॉस क्लॉक' किंवा 'फ्री-रनिंग सिस्टिम क्लॉक' असेल तर तो स्वतःच्याच तंद्रीत चाललाय. दुसरी ओळ 'लास्ट सक्सेसफुल सिंक टाइम'. तिथली तारीख वाचून बहुतेकांचा चेहरा उतरतो. 'सेवा सुरूच नाही' असा संदेश आला तर तेच उत्तर: डोमेनबाहेरच्या संगणकांवर विंडोज टाइम ही सेवा कायम चालू नसते, काही निमित्त झालं तर उठते आणि पुन्हा झोपते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती 'ऑटोमॅटिक' करा.

सेवा चालू असूनही सोर्स चुकीचा असेल तर वाट अडलीय. वेळेची विचारपूस यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारातून, होते. अँटिव्हायरसबरोबर आलेली फायरवॉल किंवा राउटरमधला एखादा कडक नियम ते पोर्ट बंद करतो. संकेतस्थळं, मेल सगळं सुरळीत असतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. त्याच डब्ल्यू३२टीएमला स्ट्रिपचार्ट हा पर्याय आणि सर्व्हरचं नाव दिलं की तो दर दोन सेकंदांनी फरक छापत बसतो. आकडे आले तर वाट मोकळी; ओळीमागून ओळ चूकच येत असेल तर राउटरवाल्याला बोलवा. तुमच्या वहीसाठी फरक मोजायचं साधनही हेच. मनगटावरच्या घड्याळाने हजारावा हिस्सा कळत नाही.

आता इंटरनेटवरून वेळ येते म्हणजे नेमकं काय होतं? अनेकांना वाटतं सर्व्हर 'अकरा वाजले' असं सांगतो आणि आपण ते ऐकून लावतो. पण सांगितलेलं पोचेपर्यंत वेळ गेलेली असते, आणि किती गेली हे कळायला तर घड्याळच हवं. ही गाठ अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी सोडवली. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, या नावाने १९८५ साली ती लिखित स्वरूपात आली आणि आजही तीच चालते. मिल्स २०२४च्या जानेवारीत गेले.

युक्ती चार शिक्क्यांची आहे. तुमचा संगणक पत्र पाठवताना स्वतःच्या घड्याळाचा शिक्का मारतो. समजा शून्य सेकंद. सर्व्हरला ते मिळतं तेव्हा सर्व्हरचं घड्याळ सांगतं २.०३०. तो उत्तर पाठवतो २.०३१ला. उत्तर तुमच्याकडे येतं तेव्हा तुमचं घड्याळ सांगतं ०.०६१. जातानाचा फरक २.०३०, येतानाचा १.९७०. दोघांची सरासरी बरोबर दोन सेकंद. तुम्ही दोन सेकंद मागे आहात, आणि प्रवासाला जाऊन-येऊन साठ मिलिसेकंद लागले. प्रवास किती लांबचा याने उत्तर बिघडत नाही, कारण सरासरीत तो दोन्हीकडून कटतो.

कटतो तो जायला आणि यायला सारखाच वेळ लागला तर. वरच्या उदाहरणात जाताना पन्नास आणि येताना दहा मिलिसेकंद लागले असते, तर उत्तर २.०२० आलं असतं. वीस मिलिसेकंदांची चूक, आणि ती संगणकाला कधीच कळली नसती. हे पुस्तकी वाटेल, पण एका संस्थेत मी ते डोळ्यांनी पाहिलं. रोज दुपारी तीननंतर सगळे संगणक अर्ध्या सेकंदाच्या आसपास एकाच दिशेने सरकत आणि पाचनंतर परत येत. तीन वाजता मुख्य शाखेला बॅकअप वर चढवायला सुरुवात व्हायची. त्या कनेक्शनचा वर जायचा रस्ता अरुंद, तो तुंबायचा. खाली यायचा मोकळा. वेळ विचारायला गेलेलं पत्र रांगेत अडकायचं, उत्तर धावत यायचं. बॅकअप रात्री नेला, प्रश्न मिटला. मी त्याआधी दोन दिवस स्फटिकांवर संशय घेत होतो.

यावरून दुसरी गोष्ट निघते. पावतीसाठी अर्ध्या सेकंदाचं कौतुक नाही. तुम्हाला हवी आहे ती एकवाक्यता. सगळी यंत्रं मिळून एक सेकंद चुकली तर कोणाचं काही अडत नाही. काउंटर क्रमांक एक आणि दोन यांच्यात दोन मिनिटांचा फरक असेल तर रोजकीर्दीत ४१३ क्रमांकाची पावती ४१२च्या आधी फाडलेली दिसते, आणि शेरा त्यावर येतो. म्हणून चौदा जणांनी चौदा वेळा बाहेर विचारायला जायचंच नाही. शाखेत एकालाच घड्याळजी करायचं. तो बाहेर विचारेल, बाकीचे सगळे त्याला विचारतील: संगणक, डीव्हीआर, हजेरी मशीन, प्रिंट सर्व्हर असेल तर तोही.

हा घड्याळजी कोण? डोमेन असेल तर प्रश्नच नाही. पीडीसी एम्युलेटरची भूमिका ज्या सर्व्हरकडे आहे त्यालाच बाहेरची वेळ द्या आणि बाकीच्या संगणकांच्या वेळेच्या सेटिंगला हात लावू नका, ते आपोआप त्याच्या मागे जातात. तिथे पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर लॉगिनच नाकारलं जातं, त्यामुळे डोमेनवाले हे सहसा विसरत नाहीत. तुमच्याकडे डोमेन नाही असं प्रश्नावरून दिसतंय. मग जुना, शांतपणे चालणारा एखादा संगणक घ्या, त्यावर लिनक्स आणि क्रोनी हा वेळ घेणारा-देणारा एनटीपीचा कार्यक्रम टाका. काही चांगल्या राउटरमध्येही एनटीपी सर्व्हर असतो. तो असेल तर तेवढ्यानेही भागेल. दोन शाखांचे दोन घड्याळजी ठेवा. एका शाखेने दुसरीला विचारायचं म्हटलं की मधली लाइन गेली की पुन्हा रडगाणं.

त्याने बाहेर कोणाला विचारायचं? भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिथल्या अणुघड्याळांवरून ती ठरते. त्यांचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचे दोन आहेत, समय१ आणि समय२, पुढे डॉट एनआयसी डॉट इन. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत संस्थांनी आपली घड्याळं याच सर्व्हरांशी, किंवा यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरांशी जुळवावीत असं स्पष्ट म्हटलंय. नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या हेही त्यातच आहे. तुमच्या संस्थेला ते लागू आहे असंच धरून चाला. लेखापरीक्षकांना उत्तर देताना या निर्देशाचा उल्लेख केलात तर बोलणं लवकर आटपतं.

किती सर्व्हर द्यायचे यावर लोक वाद घालतात. एक दिला आणि तो बिघडला तर तुम्हीही बिघडलात. दोन दिले आणि दोघांत फरक पडला तर खोटं कोण बोलतंय ते ठरवता येत नाही; दोन साक्षीदार, दोन जबान्या. तीन असतील तर एकटा पडलेला उघडा पडतो. चार दिले तर एक बंद असतानाही तीन उरतात. म्हणून वरचे तीन आणि चौथा म्हणून भारतातल्या एनटीपी पूलचा, म्हणजे स्वयंसेवकांनी खुल्या ठेवलेल्या सर्व्हरांच्या समूहातला, एक. एक पथ्य पाळा: गूगलचा सर्व्हर यांच्यात मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला जागतिक वेळेत घालतात तो जादा सेकंद) आला की गूगल तो चोवीस तासांत पसरून देतं, बाकीचे एकदम देतात, आणि त्या दिवशी दोघांचं जमत नाही. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७च्या पहाटे साडेपाचच्या तोंडावर आला होता, आणि २०३५पर्यंत ही पद्धतच बंद करायचं ठरलंय, तरी मिसळू नका.

क्रोनीच्या सेटिंगच्या फायलीत चार सर्व्हरांच्या चार ओळी, तुमच्या शाखेच्या आतल्या पत्त्यांना विचारायची मुभा देणारी 'अलाऊ'ची एक, आणि इंटरनेट गेलं तरी आतल्यांना उत्तर देत राहा असं सांगणारी 'लोकल स्ट्रॅटम १०' ही एक. शेवटची ओळ बरेच जण विसरतात. मग लाइन बराच काळ गेली की घड्याळजीचं उत्तर आतले मानेनासे होतात. दहा मिनिटांनी क्रोनीसी सोर्सेस ही आज्ञा देऊन बघा. ज्या सर्व्हरवर सध्या विसंबलाय त्याच्यापुढे चांदणी दिसेल, खोटं बोलणाऱ्यापुढे फुली. 'रीच'च्या रकान्यात ३७७ हवं. हा आकडा आठ अंकांच्या पद्धतीतला आहे. अर्थ एवढाच की मागच्या आठही हाकांना ओ मिळाली. आणि राउटरवरून १२३ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. उघडे पडलेले एनटीपी सर्व्हर वापरून २०१४ साली लोकांनी मोठमोठे हल्ले केले होते. तुम्ही बाहेर विचारायला जायचं. बाहेरच्याने तुमच्याकडे यायचं कारण नाही.

घड्याळ लावायचं कधी, हेही सांगतो, कारण इथे माणसं हात पोळून घेतात. फरक थोडा असेल तर एनटीपी घड्याळाला ढकलत नाही, किंचित हळू किंवा किंचित जलद चालवून हळूहळू जागेवर आणतं. जुन्या एनटीपी कार्यक्रमात हा वेग जास्तीत जास्त दहा लाखांत पाचशे. एक सेकंद भरून काढायला तेहतीस मिनिटं. फरक मोठा असेल तर मात्र ते एकदम उडी मारतं, आणि उडी मागे असेल तर तीच दोन मिनिटं पुन्हा येतात. व्यवहार चालू असताना असं झालं की त्या दोन मिनिटांच्या पावत्या आधीच्या पावत्यांत मिसळतात आणि दिवसअखेर जुळवताना तुम्हालाच घाम फुटतो. म्हणून पहिली दुरुस्ती सकाळी काउंटर उघडण्याआधी किंवा दिवसअखेर झाल्यावर.

डीव्हीआरचं वेगळं पथ्य आहे. ज्या रोख रकमेवरून वाद चालू आहे त्या दिवसाचं चित्रीकरण आधी काढून घ्या, आणि आज डीव्हीआर किती तास-मिनिटं-सेकंद पुढे आहे ते दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा. शक्य असेल तर प्रमाणवेळ दाखवणारा मोबाइल डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरून दोन्ही एका फोटोत घ्या. नंतरच झोन बदला. आधी दुरुस्त केलंत तर त्या दिवशी फरक किती होता याला कागदाचा आधार उरत नाही, आणि समोरचा वकील तेच विचारतो. झोन भारताचा केल्यावर एनटीपीच्या रकान्यात बाहेरच्या सर्व्हरऐवजी तुमच्या घड्याळजीचा पत्ता टाका. डीव्हीआरला इंटरनेटवर न सोडायला तेवढंच आणखी एक कारण. हजेरी मशीनलाही तसंच. ते मशीन एनटीपी घेत नसेल तर त्याचा कार्यक्रम ज्या संगणकावर आहे तिथून वेळ ढकलायची सोय बहुधा असते.

आणखी एक आकडा सांगतो, तुमच्या यादीत नसलेला. एका संस्थेत सगळे संगणक बरोबर पाच मिनिटं पुढे होते. सेल नवे, झोन ठीक, पोर्ट उघडं. तासभर डोकं खाजवलं. मग चहा आला आणि कॅशियरबाईंनी सांगितलं की रोज सकाळी त्या स्वतः प्रत्येक संगणकाची वेळ भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे लावतात. भिंतीवरचं घड्याळ व्यवस्थापकांनी मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलं होतं, कर्मचारी वेळेवर यावेत म्हणून. संगणकांची स्वयंचलित वेळ बाईंनीच बंद केली होती, कारण ती "सारखी मागे जायची". तुमच्याकडेही भिंतीकडे एकदा बघून घ्या.

सोमवारी नऊ वाजता, शटर अर्धं उघडं असताना, हा कार्यक्रम उरका: वही, सेल, झोन, सेवा, मग घड्याळजी. आठवडाभराने पुन्हा स्ट्रिपचार्ट लावून तेच चौदा आकडे दुसऱ्या रकान्यात लिहा. सगळे सेकंदाच्या आत आले असतील. एखादा आला नाही, तर त्याचा फरक, पुढे की मागे, आणि 'सोर्स'ची ओळ एवढंच कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.